सात माड, टॅकोमा

बारचं नाव सेव्हन पाम्स. मोजले तर पाच.
सहावा गोडाऊनमध्ये, प्लॅस्टिकची पानं तुटलेला,
आणि सातवा, मालक म्हणायचा, ज्याचा त्याने आणायचा.
बाहेर जानेवारी, लाकडाच्या लगद्याचा आंबूस वास,
गाड्यांच्या काचांवर खरवडायला लागेल असं दव.
आत बारा महिने तेरा काळ ऊन,
मालकाच्या मेहुण्याने बसवलेलं, साठ वॅटचं.

आम्ही चौघं. फुलाफुलांचे शर्ट
व्हर्नाने शिवलेले, पडद्याच्या उरलेल्या ठाणातून;
पडद्यापुढे उभे राहिलो की
नुसती डोकी दिसायची, आणि हात.

व्हायब्राफोनवर नाकासोने.
पियानोवर ट्वेट, समुद्राशी ज्याचा संबंध हेरिंगपुरता.
कोपऱ्यात मी आणि माझ्याहून उंच बास.
आणि युसेबियो डाकानाय: बोंगो, खुळखुळे, पक्षी.

दिवसा तो मासळीच्या कारखान्यात.
हातांना लिंबू चोळून यायचा, तरीही
बारची मांजर फक्त त्याच्याकडे बघायची.
दोन बोटं ओठांवर ठेवली
की आधी पोपट, मग माकड,
मग ज्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही असं काहीतरी
पाचव्या माडावर येऊन बसायचं.

लोक विचारायचे, तुमचं एवढं हलकं कसं वाटतं?
मी म्हणायचो, शब्द नाहीत ना.
शब्द आले की कुणीतरी कुणाला तरी सोडून जातं.
ट्वेट म्हणायचा, आम्ही पोचत नाही म्हणून.
किनारा दिसायला लागला की मी पट्टी बदलतो.
नाकासोने काठ्या पुसत राहायचा.
तो माउईचा, उसाच्या मळ्यात जन्मलेला;
बेट म्हटलं की त्याला आईची पाठ दिसायची, वाकलेली.

मग एका मंगळवारी मोटर बंद पडली.
व्हायब्राफोनच्या नळ्यांच्या तोंडाशी चकत्या असतात,
मोटर त्या फिरवते, त्या उघडझाप करतात,
आणि सूर थरथरतो, पाण्यावरच्या उजेडासारखा.
त्या रात्री नाकासोनेने तीच काठी
त्याच पट्टीवर तितक्याच हळू ठेवली
आणि सूर सरळ उभा राहिला,
तार घेऊन दारात आलेल्या माणसासारखा.

एका बाईने कोट मागवला.
कारखान्याचा फोरमन ग्लास ठेवून भिंतीकडे बघत बसला.
कुणीतरी ग्लासातली कागदी छत्री मिटली;
ती मिटते, हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं.
म्हणजे सगळं एका रबरी पट्ट्यावर चाललं होतं,
वीतभर, झिजलेल्या.

तेव्हा युसेबियोने बोटं ओठांवर नेली.
पोपट नाही. काहीतरी लांब, खालून वर चढणारं,
शेवटी जरा गोड वळवलेलं.
फोरमनने मान फिरवली.
"अरे, हा तर आपला सहाचा भोंगा!"
आणि तोच आधी हसला, मग त्याचं टेबल,
मग कोटात एक हात घातलेली ती बाई.

व्हर्ना ट्रे ठेवून मागे उकिडवी बसली,
बोटाने चाक फिरवू लागली,
मध्येच कुणी बर्फ मागितला की थांबायची.
सूर डुलायचा, अडखळायचा, सावरायचा.
इतकं वाईट आम्ही कधीच वाजवलं नव्हतं.
बारा वाजून गेले तरी कुणी उठेना.

पुढे कुणीतरी त्याची रेकॉर्ड काढली, तीनशे प्रती.
मागच्या बाजूला छापलं होतं:
'घनदाट अरण्यातला दुर्मिळ पक्षी.'
युसेबियोने चष्मा लावून दोनदा वाचलं.
सहाला पंधरा कमी होती.
त्याने टोपी घातली, आणि निघाला.